जिना सामाईक, आड सामाईक

मुठेच्या काठाने वसलेल्या पुण्याच्या पेठांपैकी नारायण पेठ ही थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत वसली आणि तिला त्यांच्या धाकट्या बंधूंचे नाव मिळाले, ही गोष्ट पेठेतील बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ज्यांच्या नावाने ही वस्ती नांदती झाली ते नारायणराव ऐन अठराव्या वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, स्वतःच्याच वाड्यात गारद्यांच्या तलवारींना बळी पडले, आणि त्या हत्येवरची राजकारणाची पुटे एकेक करून काढीत गेल्यास तळाशी जो कलह सापडतो तो एका कुटुंबातील वाटणीचाच असतो, हे मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. नानासाहेबांच्या मागे रघुनाथरावांनी पुतण्याकडे दौलतीचा निम्मा वाटा मागितला; १७६२ मध्ये आळेगावी माधवरावांना चुलत्यापुढे नमते घ्यावे लागले; १७६८ मध्ये रघुनाथरावांनी अमृतरावांस दत्तक घेऊन आपल्या हिश्शाला वारस उभा केला, आणि त्याच वर्षी धोडपला पराभव पावून ते शनिवारवाड्यात नजरकैदेत येऊन पडले. पेशवेपद हे छत्रपतींच्या वस्त्रांनी मिळणारे. त्याचे खण मोजून दोन वाटे पाडता येत नव्हते, आणि न वाटता येणाऱ्या वस्तूचा वाटा मागितला जातो तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने त्या भाद्रपदात पाहिले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये याच कथेवर ‘भाऊबंदकी’ हे नाटक रचले. खाडिलकर हे केसरीच्या परिवारातले, आणि केसरीचे बिऱ्हाड त्या वेळी नारायण पेठेतच होते. हा योगायोग आहे, पण पेठेला शोभणारा आहे.

दौलतीची वाटणी इतिहासकारांसाठी सोडून आपण त्याच पेठेतील सामान्य गृहस्थाच्या घराकडे वळलो, तर प्रश्नाचे स्वरूप फारसे पालटत नाही, केवळ त्याचे मोजमाप लहान होते. बाप वारला, घर तीन किंवा चार भावांच्या नावे उतरले, चुली वेगळ्या झाल्या, आणि मग कोणाचे काय हे ठरविण्याची वेळ आली. अशा वेळी भांडण जागेवरून होते, असा एक सार्वत्रिक समज आहे. जुने कागद वाचणाऱ्याला तो पटत नाही. खोल्यांच्या वाटण्या माणसे एका दुपारीत करीत. वर्षानुवर्षे अडून बसे ते जिन्यावर, आडावर, देवघरावर आणि दिंडी दरवाजाच्या अडसरावर.

याचे कारण पुणेरी वाड्याच्या बांधणीतच आहे. हा वाडा रस्त्याकडे पाठ फिरवून बसतो. बाहेरून भिंत आणि एकच दरवाजा. आत चौक, चौकाभोवती ओसरी, तिच्यामागे माजघर आणि स्वयंपाकघर, वर माडी, मागे आड आणि परसू. जागेचे माप खणांत होई. दोन खांबांमधले अंतर तो एक खण, आणि हे मोजमाप वाटणीला विलक्षण सोयीचे होते, कारण खांब जिथे उभा आहे तिथून कुडाची भिंत घातली की एका माजघराची दोन माजघरे होत आणि सुताराखेरीज कोणाचे साह्य लागत नसे. पण दरवाजा एकच, चौक एकच, वर जाणारा जिना भिंतीच्या पोटातून काढलेला आणि इतका अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने मागे सरावे. घराचा विभाज्य भाग आणि अविभाज्य भाग एकमेकांत असे विणलेले असल्यामुळे चार भावांचे चार स्वतंत्र संसार कागदावर सिद्ध झाले, तरी पाण्याला जाताना, दळणाला जाताना आणि रात्री दार लावताना ते चौघे पुन्हा अविभक्तच राहात.

धर्मशास्त्रकारांना हे अवघडपण पूर्वीच जाणवले होते. मनूने न वाटावयाच्या वस्तूंची एक यादी दिली आहे. तीत वस्त्रे, वाहन, अलंकार आणि शिजविलेले अन्न यांच्या बरोबरीने पाणी आणि प्रचार यांचा समावेश आहे, आणि प्रचार म्हणजे जाण्यायेण्याची वाट असा त्याचा अर्थ घेतला जातो. आड आणि बोळ वाटावयाचे नाहीत, वापरावयाचे आहेत, असे त्या स्मृतीचे सांगणे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही महाराष्ट्रात या बाबतीत मुख्य आधार मानली गेली; तिच्या जोडीला, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात काशीत लिहिलेला व्यवहारमयूख. म. म. पां. वा. काणे यांनी १९२६ मध्ये या मयूखाची आवृत्ती सिद्ध केली आणि पुढे धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात दायविभागाची सविस्तर चर्चा केली; ती वाचताना ध्यानात येते की ज्येष्ठाला अधिक वाटा देण्याची प्राचीन कल्पना कलिवर्ज्य म्हणून मागे पडली होती आणि समान वाटे हाच नियम रूढ झाला होता. थोरल्याकडे उरला तो मान आणि देव्हारा. मयूखकाराचे एक मत येथे नोंदविण्याजोगे आहे: निपुत्रिक भावाच्या वारसांत त्याने बहिणीला, ती त्याच गोत्रात जन्मली म्हणून, बरेच वरचे स्थान दिले, आणि मुंबई इलाख्यात पुढे ते मानले गेले, अन्य प्रांतांतील बहिणीला हे भाग्य फार उशिरा लाभले. तथापि बापाच्या घरात भावांच्या बरोबरीने बहीण वाटेकरी, ही कल्पना मयूखातही नाही. अविवाहित बहिणीच्या लग्नासाठी भावांनी आपल्या वाट्यातून चतुर्थांश द्यावा, एवढ्यावर स्मृतींनी तिची बोळवण केली.

आता प्रत्यक्ष रीतीकडे येऊ. पेशवाईतील न्यायव्यवहाराचे साधार विवेचन डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केले आहे, आणि त्यातून तसेच छापील कागदांतून जी पद्धती दिसते ती आजच्या वाचकाला वाटते तितकी ढिसाळ नव्हती. भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले की प्रथम घरातले वडीलधारे, मामा, व्याही असे लोक मध्ये पडत. त्यांच्याने न उलगडले तर कज्जा पंचांपुढे जाई. पंच उभय पक्षांच्या संमतीचे असावयाचे. तर्फैनांनी प्रथम राजीनामा लिहून द्यावयाचा, म्हणजे पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य आहे अशी लेखी कबुली, आणि तिला जामीन. मग प्रत्येकाने आपापला करीना सादर करावयाचा, ज्यात घर कोणी बांधले, कोणाच्या पैशाने बांधले, कोण केव्हा वेगळा झाला, याची साद्यंत हकीकत असे, त्यावर पंचांची पुरशीस, म्हणजे प्रश्नोत्तरे, साक्षी, आणि शेवटी सारांश व निवाडपत्र. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी, त्यामुळे न्याय फुकट मिळतो असा भ्रम कोणालाच राहात नसे. पुरावा थकला तर दिव्याचा मार्गही होता. परंतु चार खणांच्या माजघरासाठी तापल्या तेलात हात घालण्यापेक्षा माणसे तडजोड पत्करीत असावीत, असे मानावयास हरकत नाही.

विभक्तपण सिद्ध करण्याचा प्रश्न यात फार नाजूक असे. एक भाऊ म्हणे, आम्ही कधीच वेगळे झालो, ही माडी माझ्या कमाईची. दुसरा म्हणे, आम्ही अद्याप एकत्रच, सबब माडीही सामाईक. मग पंच विचारीत: वैश्वदेव एक का दोन? श्राद्धपक्ष कोण करतो? वाण्याकडे खाते कोणाच्या नावे? पुढे इंग्रजी अदालतींतील वकिलांनीही हेच प्रश्न विचारले, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या आत्याला अमुक सालच्या दिवाळीत फराळ एका कढईत तळला की दोन, हे सांगावे लागे, अशी कल्पना केली तर ती वस्तुस्थितीपासून दूर जाणार नाही.

वाटे पाडण्याची रीत साधी होती, आणि माझ्या मते तिच्यातच सर्वांत अधिक शहाणपण होते. थोरल्याने वाटे करावे, धाकट्याने आधी उचलावा. ज्याला शेवटी उरलेला वाटा घ्यावयाचा आहे तो वाटे करताना पक्षपात करीत नाही, एवढा मनुष्यस्वभाव त्या रीतीने जाणला होता. भाऊ अधिक असतील तर चिठ्ठ्या लिहून देवापुढे ठेवीत आणि घरातल्या अजाण पोराकडून उचलवीत. नंतर कोणी कुरकुर केली तर ती भावाविरुद्ध न राहता देवाविरुद्ध होई. एकाच्या वाट्याला रस्त्याकडची ओसरी आणि दुसऱ्याच्या वाट्याला अंधारी मागची बाजू आली तर रोख रकमेने भरपाई होई.

आणि मग वाटणीपत्र. अशा कागदाची घडण पाहण्यासारखी असते. आरंभी श्री, शक, संवत्सर, मास, तिथी. मग लिहून घेणार आणि लिहून देणार. मग घराची चतुःसीमा, जीत पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस सरकारी रस्ता, उत्तरेस बोळ असे लिहिलेले, म्हणजे शेजाऱ्यांच्या नावांनीच आपल्या घराची कड आखलेली. नंतर खणवार वाटे, आणि ते थोड्या ओळींत उरकलेले. लेखणी रेंगाळते ती त्यापुढे. दिंडी दरवाजा सामाईक; आत जाण्यायेण्याची वहिवाट सर्वांची, कोणी कोणास हरकत करू नये. जिना सामाईक, माडी ज्याच्याकडे त्याने दुरुस्ती करावी, अथवा सर्वांनी हिस्सेरशीद खर्च सोसावा. आड सामाईक, गाळ काढण्याचा खर्च समान. अमक्याच्या पागोळीचे पाणी तमक्याच्या चौकात पडते ते पडू द्यावे, नवीन पन्हळ लावू नये. मधल्या भिंतीत कोणी कोनाडा खोदू नये, झरोका पाडू नये. देव थोरल्याकडे, किंवा पाळीने. गौरी-गणपती थोरल्याच्या ओसरीवर, आणि इतरांनी शिधा द्यावा. शेवटी लेकराचे लेकरी उपभोग घ्यावा, येणेप्रमाणे वाटणीपत्र लिहून दिले सही, आणि साक्षी. साक्षीदार बहुधा शेजारी असत. पागोळीचे पाणी कोठे पडते हे रोज डोळ्यांनी पाहणारा मनुष्यच कागदावर साक्षीला असल्याने कागद आणि वहिवाट यांत अंतर पडण्यास फारसा वाव नसे. या पत्रांत प्रेमाचा एक शब्दही नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. भाऊ भांडणारच हे गृहीत धरून, भांडण कोणत्या ठिकाणी होईल ती ठिकाणे आधीच हेरून तेथे एकेक वाक्य उभे केले आहे.

१८१८ मध्ये राज्य गेले. एल्फिन्स्टनने पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरलला सादर केलेल्या अहवालात पंचायतीचे गुणदोष मोठ्या समतोलाने मांडले आणि ही संस्था राखावी असाच त्याचा कल होता. परंतु १८२७ च्या कायदेसंहितेनंतर दिवाणी अदालती स्थिरावल्या आणि पंचायत हळूहळू निष्प्रभ झाली. हरलेल्याला वर दाद मागता येऊ लागली, हे न्यायाच्या दृष्टीने चांगलेच झाले. पण राजीनामा देऊन बांधला गेलेला भाऊ आणि अपिलाची मुदत मोजीत बसलेला भाऊ यांच्या वागण्यात जो फरक पडतो तो पडलाच. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेच्या धुरीणांनी, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, त्या दशकात लवाद कोर्टाचा प्रयोग करून पाहिला. जुन्या पंचायतीला नवा सुशिक्षित अवतार देण्याचा तो यत्न होता. तो फार काळ तगला नाही. सरकारी हुकूमनाम्यामागे बेलीफ उभा असतो, लवादाच्या निवाड्यामागे केवळ लाज. आणि पुण्यात वकिलांची संख्या लाजेपेक्षा वेगाने वाढत होती.

अदालतीतील वाटणीची तऱ्हा निराळी. प्रथम प्राथमिक हुकूमनामा, ज्यात कोणाचा किती अंश एवढेच ठरते: एक तृतीयांश, एक षष्ठांश. मग कोर्टाचा कमिशनर फीत घेऊन घरी येतो, नकाशा काढतो, वाटे सुचवितो, त्यावर हरकती येतात, आणि पुष्कळ काळाने अखेरचा हुकूमनामा होतो. अपूर्णांकाने वाटलेले घर आणि खणांनी वाटलेले घर यांत अंतर असते; अपूर्णांकाला जिना नसतो. १८९३ च्या विभाजन कायद्याने हा पेच काहीसा ओळखला. जे घर वाटल्यास निरुपयोगी होईल ते विकून पैसे वाटावेत, आणि त्यातही घरच्याच वाटेकऱ्याला न्याय्य किमतीत ते घेण्याची संधी असावी, अशी तजवीज त्यात आहे. एखाद्या भावाने आपला अविभक्त हिस्सा परक्याला विकला आणि तो परका वाटणी मागू लागला, तर राहत्या घरापुरते इतर भाऊ कोर्टाने ठरविलेल्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतात. आणि अशा परक्याला घरात शिरून एकत्र राहण्याचा हक्क नाही, हे मिळकत हस्तांतराच्या १८८२ च्या कायद्याने त्याआधीच सांगितले होते. चिडलेल्या भावाचे नेहमीचे शस्त्र, ‘माझा हिस्सा मी कोणालाही विकीन’, हे या दोन कलमांनी पुष्कळसे बोथट केले.

खरा पालट विसाव्या शतकात झाला, आणि तो वाटणीच्या कायद्याने नव्हे तर भाड्याच्या कायद्याने झाला. वाटणी झालेल्या वाड्यात भावांनी आपापल्या खोल्यांत बिऱ्हाडे ठेवली होती. मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ १९४० च्या पातळीवर गोठविली आणि बिऱ्हाडकरूला उठविणे दुरापास्त केले. परिणाम असा की ज्याच्या वाट्याला दोन बिऱ्हाडे आली त्याला पत्र्याच्या डागडुजीपुरतेही भाडे मिळेना, आणि ज्याच्या वाट्याला मोकळ्या खोल्या आल्या तो सुखी झाला. समान वाटे एका अधिनियमाने विषम होऊन बसले. सामाईक जिन्याची पायरी मोडली तर ती बदलण्याचा खर्च कोण करणार, या प्रश्नाला जुन्या कागदात उत्तर होते, पण खर्च करावा असे आता कोणालाच वाटेना. त्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, मातीच्या भिंती विरघळल्या आणि पुष्कळ वाडे बसले. ज्या घराचे खण मोजून वाटे पाडले होते त्याचे खांबच उरले नाहीत, म्हणजे मोजमापच वाहून गेले. उरली ती चतुःसीमेतली जमीन, आणि ती सर्व हिस्सेदारांची एकत्र.

आतापर्यंतच्या या कथनात बहीण जवळजवळ कोठेच आली नाही, आणि जुन्या वाटणीच्या सुकरतेचे कौतुक करताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. चार भावांत समान वाटे सहज पडत, कारण तीन बहिणींना विचारलेलेच नसे. विधवा भावजयीला १९३७ च्या कायद्याने प्रथमच नवऱ्याच्या हिश्शात मर्यादित हक्क मिळाला. तोवर तिच्या नावे अन्नवस्त्र आणि निवाऱ्यापुरता स्वयंपाकघराशेजारचा एखादा खण लिहिला की काम भागे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वारस झाली खरी, पण त्याच्या तेविसाव्या कलमात घराचे दार तिच्यापुरते अर्धेच उघडले होते: पुरुष वारस आपसांत वाटणी करावयास तयार होईपर्यंत राहत्या घराची वाटणी तिला मागता येत नव्हती, आणि राहण्याचा हक्कही अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यापासून विभक्त मुलीलाच होता. विवाहित बहिणींचे हिस्से अशा रीतीने कागदावर पन्नास वर्षे थांबून राहिले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला सहदायाद केले, परंतु त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने ते कलमही गेले आणि तो भेदही गेला. आणि त्या दिवशी बाप हयात असला पाहिजे की नाही, हा उरलेला वाद सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये मुलीच्या बाजूने मिटविला.

याच सुमारास पेठेत बिल्डर हिंडू लागले होते. बिल्डरला कुडाची भिंत, पागोळी, पाळीचा गणपती यांत रस नसतो. त्याला मालमत्ता पत्रकावरच्या प्रत्येक नावाची सही हवी असते. भावाभावांनी चाळीस वर्षे न बोलता जो वाडा वापरला, त्याच्यासाठी ते एका मेजाभोवती बसतात ते याच सहीसाठी. जुना मामा जे करू शकला नाही ते बिल्डरच्या मुदतीने साधते, असे पेठेतले अनुभवी वकील सांगतात, आणि त्यात थोडी खंत व पुष्कळ फी असते. ज्या घरात एकजण अडून बसतो तेथे दावा दाखल होतो, कधी लोकअदालतीत तडजोड हुकूमनामा होतो, कधी होत नाही, आणि केळकर रस्त्याच्या मागच्या बोळांत असे अर्धवट पडके, बांबूचे टेकू दिलेले, दर्शनी भिंतीवर महापालिकेची धोकादायक इमारत म्हणून नोटीस चिकटविलेले वाडे दिसतात.

करारनाम्याच्या वेळी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत अद्याप आहे. पूर्वी ती सही माहेरची साडी आणि चार दिवसांच्या पाहुणचारावर होत असे. आता बहीण चष्मा लावून मसुदा वाचते, आपल्या हिश्शाचे चटईक्षेत्र विचारते, आणि पुष्कळदा सही करण्याआधी एक कलम घालावयास सांगते: नव्या इमारतीत लिफ्ट कोणकोणत्या मजल्यांवर थांबेल, आणि तिच्या देखभालीचा खर्च कोण किती देणार.